जेलला का मेंटलला?

श्रोतेहो, नमस्कार.

डेक्कनला रिक्षात बसून ‘येरवडा’ म्हटलं, की रिक्षावाला मीटर टाकता टाकता विचारतो, "कुठं मॅडम, जेलला का मेंटलला?" गेली बावीस वर्षं हा प्रश्न मला ऐकू येतोय आणि माझं उत्तर वारावर ठरतं. कधी जेल, कधी मनोरुग्णालय, कधी बालनिरीक्षणगृह. तिन्ही येरवड्यातच. ‘याला येरवड्याला धाडा’ असं पुण्यात कुणी म्हणालं, तर समोरच्याला गुन्हेगार म्हणायचंय की वेडा, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखावं लागतं. आपण पुणेकरांनी एका गावाच्या नावात दोन्ही कोंबून टाकलंय.

माझ्या कामाचंही तसंच झालंय. मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझा कोर्टाशी संबंध येतो, एवढं कळलं की लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेली मावशी विचारते, "म्हणजे तू गुन्हेगारांचं मन वाचतेस?" मी पूर्वी ‘हो’ म्हणून जिलबीकडे वळायचे. आज पंधरा मिनिटं मिळाली आहेत, तर खरं उत्तर देते.

इंग्रजीत ज्याला फोरेन्सिक म्हणतात, त्याला महाराष्ट्र सरकारने एक नेमका शब्द दिलाय : न्यायसहायक. गणेशखिंडीतल्या त्या सरकारी प्रयोगशाळेच्या पाटीवर तो वाचलाही असेल तुम्ही. सरकारी मराठीला आपण नावं ठेवतो, पण हा शब्द बघा, न्यायाला जे सहाय्य करतं ते. यात गुन्हा कुठेच नाही. मूळ लॅटिन शब्दातही नाही. रोममध्ये ज्या चौकात, म्हणजे फोरममध्ये, खटले चालत, त्या चौकाचं ते, एवढाच अर्थ. तेव्हा न्यायसहायक मानसशास्त्र म्हणजे कोर्टाला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वापरलेलं मानसशास्त्र. गुन्हेगारी मानसशास्त्राचा विषय मात्र गुन्हा करणारा माणूस. तो असा का झाला, त्याने हे का केलं, पुन्हा करेल का. एकाचं नाव जागेवरून पडलंय, दुसऱ्याचं विषयावरून. म्हणून दोन्ही कधी एकमेकांत मिसळतात, तर कधी एकमेकांचं तोंडही बघत नाहीत.

तोंड न बघणारं उदाहरण आधी घेऊ. सदाशिव पेठेतला एक वाडा. मालक आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. गेले, आणि तेराव्यानंतर कपाटातून मृत्युपत्र निघालं. वाडा धाकट्या मुलीला. थोरल्याचं म्हणणं, बाबांना शेवटी काही कळत नव्हतं, मला ‘दादा’ म्हणून हाक मारायचे. प्रकरण कोर्टात. आता आजोबा तर नाहीत, मग तपासायचं कुणाला? कायद्याला एवढंच हवं असतं की सही करताना माणसाचं मन ठिकाणावर होतं का. आपलं काय काय आहे, आपल्यामागे कोण कोण आहे आणि आपण कुणाला काय देतोय, हे त्याला उमगत होतं का. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ५९व्या कलमात तर असंही म्हटलंय की एरवी भ्रमिष्ट असलेल्या माणसानेही मन थाऱ्यावर असतानाच्या काळात केलेलं मृत्युपत्र चालतं.

मी त्या घरातले कागद मागवले. औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेच्या सह्या, आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली दुधाची वही. आजोबा रोजचा दुधाचा हिशोब स्वतः लिहायचे. ज्या आठवड्यात सही झाली त्या आठवड्याचं पान उघडलं. मंगळवारी आणि बुधवारी दूध घेतलं नव्हतं, त्यापुढे फुली, आणि महिनाअखेरच्या बेरजेतून ते दोन दिवस बरोबर वजा. समासात बारीक अक्षरात : ‘गवळी चार रुपये जास्त मागतो.’ मुलाला दादा म्हणणारे आजोबा गवळ्याला चार रुपये सोडत नव्हते. माझ्या अहवालातला सगळ्यात भक्कम परिच्छेद त्या वहीवर उभा होता.

यात गुन्हेगार कुठे आहे? कुठेच नाही. माझं निम्मं काम असंच असतं. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाचा ताबा आईकडे की बाबांकडे, अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाचं किती नुकसान झालं, असल्या प्रश्नांचं. पंगतीतल्या मावशीला यात रस नसतो. तिला खून हवा असतो.

तर आता खुनाकडे येऊ. पुण्यात ही गोष्ट निघाली की पन्नाशीच्या पुढचा माणूस जोशी-अभ्यंकर खून प्रकरणापाशी जाऊन थांबतोच. १९७६ आणि ७७, दहा खून. माझी आई सांगते, दिवेलागणीलाच दाराची कडी लागायची आणि दार वाजलं की आधी खिडकीतून बघायचं, मग आवाज द्यायचा. पकडली गेली ती कलाशिक्षण घेणारी तरुण पोरं. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला. १९७८ साली चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि १९८३ साली येरवड्यात ती अमलात आली.

या खटल्यात माझ्यासारखीला काम नव्हतं. आरोपींचं मन ठिकाणावर होतं का, हा तिथे मुद्दाच नव्हता. कोर्टाला प्रश्न पडला नाही, म्हणून न्यायसहायक मानसशास्त्राचं तिथे काही अडलं नाही. पण शहराचा प्रश्न? तो इतक्या वर्षांत सुटलेला नाही. चित्रं काढणारी पोरं दोरी घेऊन लोकांच्या घरात का शिरली? एकेकटा असता तर त्यातल्या प्रत्येकाने हे केलं असतं का? टोळक्यात एक पुढे होतो, बाकीचे मागे जातात, प्रत्येकाला वाटतं की आपला वाटा थोडासाच. पहिल्या वेळी हात कापतो, दुसऱ्या वेळी तितका कापत नाही. हा सगळा गुन्हेगारी मानसशास्त्राचा प्रांत. संशोधकाचा, तुरुंगात सुधारणेचं काम करणाऱ्याचा, काही अंशी पोलिसांचा.

इथे एक वाकडी वाट करते. ‘का’ या प्रश्नाला स्वस्तात उत्तर दिलं की केवढा घात होतो, ते आपल्या मातीने भोगलंय. येरवड्याचा तुरुंग बांधला गेला १८७१ साली. त्याच वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. अमक्या जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, विषय संपला. पाच वर्षांनी इटलीत लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरने पुस्तकच लिहिलं की जन्मजात गुन्हेगार कपाळावरून, जबड्यावरून ओळखता येतो. ते शास्त्र म्हणून खपलं. आपल्याकडे सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं कोंडली, रोज हजेरी घेतली. १९५२ साली तो कायदा गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. आजही कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालांवर जाते, ते मी सांगायला नको.

बरं, परत येरवड्याकडे. रमण राघव हे नाव मुंबईकरांनी भीतीने घ्यायचं नाव, पण त्याचा शेवट आपल्या पुण्यातला. मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गरीब माणसांना त्याने मारलं. ऑगस्ट १९६८मध्ये पकडला गेला. आधी गप्प, मग कोंबडीचं जेवण मागितलं, डोक्याला तेल, कंगवा, आरसा मागितला आणि बोलायला लागला. फाशीची शिक्षा झाली, त्याने अपीलही केलं नाही. पण फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं.

मंडळाला काय विचारलं होतं, तिकडे लक्ष द्या. ‘हा असा का?’ हे नव्हतं विचारलेलं. हा मनोविकल आहे का आणि त्यामुळे स्वतःचा बचाव करायला असमर्थ आहे का, एवढंच. मंडळ त्याला पाच वेळा भेटलं, दर वेळी सुमारे दोन तास. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तर त्याने हात मिळवला नाही. मी कानूनचा प्रतिनिधी आहे, या दुष्ट जगातल्या माणसांना मी शिवणार नाही, असं म्हणाला. त्याचा आजार बरा होणारा नाही असं ठरलं, फाशीची जन्मठेप झाली. तो येरवड्याच्या तुरुंगात राहिला, इथेच त्याच्यावर उपचार झाले आणि १९९५ साली ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजाराने वारला.

यात कायद्याचा एक बारकावा आहे आणि तो भल्याभल्या वकिलांच्या बोलण्यातही गुळमुळीत होतो. एकाच माणसाच्या मनाबद्दल कोर्ट वेगवेगळ्या वेळांचे प्रश्न विचारतं. गुन्ह्याच्या घटकेला त्याला कळत होतं का? हा एक. आज, खटला चालू असताना, त्याला आरोप समजतोय का, वकिलाशी बोलता येतंय का? हा निराळा. आज पूर्ण भ्रमिष्ट असलेला माणूस त्या दिवशी शुद्धीवर असू शकतो, आणि उलटही. पहिल्या प्रश्नाचं मूळ १८४३च्या लंडनमध्ये आहे. मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. तो भ्रमात होता म्हणून सुटला, लोक खवळले, तेव्हा न्यायमूर्तींनी कसोटी घालून दिली. तीच १८६०च्या भारतीय दंड संहितेत ८४वं कलम होऊन आली आणि जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत २२वं कलम होऊन बसली आहे. कृत्य करताना, मनोविकलतेमुळे, आपण काय करतोय हे किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे कळण्याला असमर्थ. एवढीच ओळ. आजार किती मोठा, बालपण किती वाईट, याला त्या ओळीत जागा नाही.

ही ओळ मी पुस्तकातून पाठ केली होती. समजली मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. नवी होते. एका तरुणाने दारूच्या नशेत असलेल्या वडिलांना मारलं होतं. मी त्याला चार वेळा भेटले आणि चार पानं लिहिली. लहानपणचा मार, आईचं जाणं, आठवीत सुटलेली शाळा. लिहिताना मला रडू आलं होतं, आणि अहवाल चांगला झालाय असं वाटण्याचं तेच कारण होतं. उलटतपासणीला एक वयस्कर वकील उठले. म्हणाले, "मॅडम, चारही पानं वाचली. फार छान लिहिलंय. आता एवढंच सांगा, त्या रात्री पावणेदहा वाजता आरोपीला आपण काय करतोय ते कळत होतं की नव्हतं?"

मी गप्प. मग त्यांनी मला माझंच तिसरं पान वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं की मुलाने नंतर रक्ताचा शर्ट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे लपवला. मी त्याला ‘शरमेची भावना’ म्हटलं होतं. वकील म्हणाले, "लपवला, म्हणजे चुकीचं आहे हे कळत होतं. बरोबर?" बरोबर होतं. मी ‘का’चं उत्तर घेऊन गेले होते आणि कोर्टाने ‘का’ विचारलंच नव्हतं. बाहेर येऊन मशीनचा चहा घेतला, तो सांडला. असो.

तेव्हापासून तुरुंगात कुणाला भेटायला गेले की पहिलं वाक्य ठरलेलं आहे. समोरचा माणूस मला ‘डॉक्टर’ म्हणतो, आपल्याला बरं करायला कुणी आलंय असं त्याला वाटतं. मी सांगते, "मी तुमच्यावर उपचार करणारी नाही. कोर्टाने पाठवलंय. तुम्ही जे सांगाल ते अहवालात जाऊ शकतं. सांगायचं नसेल तर नका सांगू." माझ्या दवाखान्यात याच्या नेमकं उलट असतं, तिथे ऐकलेलं चार भिंतींत राहतं. एकाच माणसाने एकाच रुग्णाचा उपचारकही व्हायचं आणि कोर्टाचा तपासनीसही, हे शक्यतो टाळावं लागतं.

आणि हो, लोक सोंग घेतात. त्याची एक गंमत सांगते. ‘मला काही आठवत नाही’ म्हणणाऱ्याला पन्नास चित्रं दाखवायची. किटली, कात्री, पतंग, असली. मग जोड्या दाखवायच्या, यातलं मघाशी कोणतं होतं? ज्याला खरोखर काहीच आठवत नाही, तो आंधळेपणाने बोट ठेवतो आणि तरी पंचविसाच्या आसपास बरोबर येतात, नाणं उडवल्यासारखे. एखाद्याचे पन्नासपैकी आठच बरोबर आले, तर? म्हणजे बरोबर चित्र त्याला ओळखू येतंय आणि तो ते कटाक्षाने टाळतोय. सोंग घेणाऱ्याला वाटतं जितकं चुकू तितकं खरं. त्याचं बिंग त्याच्या मेहनतीनेच फुटतं.

पंगतीतली मावशी म्हणेल, हे सगळं ठीक, पण टीव्हीवर ते मृतदेह बघून खुनी डावखुरा आहे, आईशी भांडलेला आहे असं सांगतात, ते? त्याला प्रोफाइलिंग म्हणतात आणि ते गुन्हेगारी मानसशास्त्राचं अपत्य. अमेरिकेत एफबीआयने १९७२ साली त्यासाठी विभागच काढला. पोलिसांना हजार संशयितांतून शंभरांकडे वळायला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण ते दिशादर्शक आहे, पुरावा नाही. लंडनमध्ये १९९२ साली विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर एका तरुण आईचा लहान मुलासमोर खून झाला. प्रोफाइलशी जुळतो म्हणून पोलिसांनी एका माणसाला धरलं, त्याच्यावर प्रेमाचं नाटक करणारी पोलीस बाई सोडली, कबुली मिळते का बघितलं. १९९४ साली न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा फेकून दिला. तो निर्दोषच होता. खरा मारेकरी डीएनएवरून सापडला आणि २००८ साली दोषी ठरला. तोवर सोळा वर्षं गेली होती. आणि त्या मारेकऱ्याला कोर्टात उभं केल्यावर पुन्हा कुठला प्रश्न आला? स्किझोफ्रेनियामुळे त्याची जबाबदारी किती. म्हणजे परत आमचा.

त्याच २००८ साली आपलं पुणंही जगाच्या पेपरांत झळकलं. इथल्या सत्र न्यायालयाने जूनमध्ये एका खून खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, वाक्यं ऐकवायची, आणि ‘अनुभवलेली’ आठवण मेंदूत उमटते का ते यंत्राने सांगायचं. परदेशातले मेंदूतज्ज्ञ चक्रावले. मला विचाराल तर मीही चक्रावले होते. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ही मेंदूची चाचणी, तिन्ही संमतीशिवाय करता येणार नाहीत, आणि संमतीने केल्या तरी त्यांचा निकाल थेट पुरावा म्हणून चालणार नाही. मन उघडून बघायचं यंत्र कोर्टाला कुणीही विकायला आणलं, की मी तरी पाकीट घट्ट धरते.

आता दोन्ही शास्त्रं जिथे खरोखर एका खोलीत येतात, ती जागा. मे २०२४मध्ये कल्याणीनगरला गाडीखाली दोघं गेले आणि अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा बाल न्याय मंडळ म्हणून काही असतं हे घराघरांत कळलं. त्या प्रकरणावर मी बोलणार नाही. पण २०१५च्या बाल न्याय कायद्याचं १५वं कलम माझ्या रोजच्या कामाचं आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला प्रौढांसारखा चालवायचा का, हे ठरवायला मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि त्यासाठी मानसशास्त्रज्ञाची मदत घेतं. बघायचं काय? असा गुन्हा करण्याची मानसिक, शारीरिक क्षमता. परिणाम समजण्याची कुवत. आणि कोणत्या परिस्थितीत तो गुन्हा केल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. या तिसऱ्यात ‘का’ला थोडी फट मिळते. कायदा लगेच बजावतो, हा खटला नव्हे. मुलाने ते केलंय, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मुलासमोर बसले होते. सतरा पूर्ण. पायात कुणाची तरी मोठी चप्पल. अर्धा तास त्याने ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ यापलीकडे काही म्हटलं नाही. मग बाहेर सर आली, पत्र्यावर आवाज इतका की दोघंही गप्प बसलो. पाऊस ओसरल्यावर तो आपणहून म्हणाला, "मॅडम, सांगू का मी असं का..."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "थांब. ते मला सांगू नकोस. वकिलांना सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मग तुम्ही आलात कशाला?"

मी वहीचं नवं पान उघडलं आणि विचारलं, "तू शाळेत कितवीपर्यंत गेलास?"

नमस्कार.